यवतेश्वर घाट पहिल्यांदाच धावायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात धावणाऱ्या हौशी मंडळींना बाहेरगावचे मित्र, पाहुणे आणि नवे भिडू जे प्रश्न विचारतात त्यांची ही उत्तरं. मी डॉक्टर नाही, परवानाधारक कोचही नाही. नोकरी सांभाळून पहाटे घाटात जाणाऱ्यांपैकी एक आहे, त्यामुळे काही ठिकाणी माझं मतच वाचायला मिळेल.

हा रस्ता नेमका कुठला?

सातारा-कास रस्ता. पोवई नाक्याकडून निघून राजवाडा, समर्थ मंदिर असं गाव ओलांडलं की बोगद्याच्या परिसरात घाट लागतो. वर यवतेश्वर गाव आणि महादेवाचं जुनं देऊळ. रस्ता तसाच पुढे गणेश खिंडीवरून कासच्या पठारावर जातो. कास साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, तेव्हा पहिल्या दिवशी तो विचार डोक्यातून काढून टाका. यवतेश्वरपर्यंत जाऊन परत आलात तरी सकाळ सार्थकी लागली समजा.

चढ किती आहे? सगळ्यात वाईट कुठे?

पोलीस परेड ग्राउंडाच्या भागातून धरलं तर वरपर्यंत चारशे मीटरच्या आसपास चढ होतो. घाटात शंभर मीटरला सरासरी पाच-सहा मीटर रस्ता वर जातो. आकडा ऐकून लोक म्हणतात, एवढाच? जिममधल्या ट्रेडमिलवर आम्ही चढ सहावर ठेवून चालतो की! चालता, बरोबर. इथे तो सलग धावायचा आहे, मध्ये सपाट तुकडा जवळजवळ नाही, आणि बटण दाबून कमीही करता येत नाही.

नवख्याला सगळ्यात जास्त फसवतो तो घाट नव्हे, गाव. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे जाताना रस्ता गुपचूप चढत असतो. दोन्ही बाजूंना दुकानं, घरं. त्यामुळे चढ डोळ्यांना दिसत नाही, पायांना मात्र कळतो. इथे सपाटीच्या वेगाने सुटलेला माणूस घाटाच्या पहिल्या वळणावरच धापा टाकत उभा असतो. गाव संपेपर्यंत स्वतःला आवरलंत की निम्मं काम झालं.

मी सपाटीवर दहा किलोमीटर आरामात धावतो. जमेल?

जमेल. "आरामात" म्हणजे धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येतं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात लंगडत जावं लागत नाही, हे गृहीत धरतोय. दहा किलोमीटरच तुमची हद्द असेल, तर आधी महिनाभर सपाटीवरच बारा-तेरापर्यंत जा. घाट कुठे पळून जात नाही.

आमच्या गावात चढच नाही. सराव कुठे करू?

सोलापूर, लातूरकडचे लोक हे हमखास विचारतात. उड्डाणपूल चालतो, धरणाची भिंत चढून जाणारा रस्ता चालतो, गावाबाहेरची टेकडी तर उत्तमच. दोनशे मीटरचा बरा चढ मिळाला तरी आठ-दहा वेळा वर जायचं आणि चालत खाली यायचं. आठवड्यातून एकदा पुरे.

काहीच नसेल तर जिना. पण जिन्यात दम आणि मांड्या तयार होतात, पोटऱ्या तितक्या होत नाहीत, कारण पायरीवर पाऊल सपाट पडतं. घाटात पाऊल सतत वरच्या बाजूला दुमडलेलं राहतं आणि ताण पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर येतो. म्हणून जिन्याच्या जोडीला पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाचा सावकाश खाली-वर करा, दोन्ही पायांवर पंधरा-पंधरा. कंटाळवाणा व्यायाम आहे, त्यामुळे कोणी करत नाही. नंतर तेच लोक टाच धरून बसतात.

घाटात पेस (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं) किती ठेवायचा?

पेस ठेवायचाच नाही. घड्याळाचा तो पडदाच बदलून टाका.

चढावर वेग कमी होणं हा तुमचा दोष नाही. अनुभवी धावपटूंचा ठोकताळा असा की रस्ता शंभर मीटरला एक मीटर चढला की किलोमीटरला आठ-नऊ सेकंद जातात. आपल्या घाटाचा हिशेब लावला तर किलोमीटरला पाऊण मिनिट. हे सरावलेल्यांचं; पहिल्यांदा जाणाऱ्याचं मिनिट-दीड मिनिटही जातं. म्हणजे सपाटीवर किलोमीटरला साडेसहा मिनिटांनी धावणारा घाटात साडेसात-आठने गेला, तर तो मेहनत तेवढीच करतोय. तिथे साडेसहाचा हट्ट धरणं म्हणजे सपाटीवर साडेपाचने सुटण्यासारखं. तसं किती वेळ टिकाल, तुम्हीच सांगा.

मग मोजायचं काय? श्वास. तीन-चार शब्द सलग बोलता आले पाहिजेत. "पुढच्या वळणावर पाणी घेऊ" एवढं एका दमात म्हणता येतंय तोवर सगळं ठीक. नुसतं "हं" निघायला लागलं की हळू व्हा. छातीला पट्टा लावणारे ठोक्यांकडे बघू शकतात, पण जास्तीत जास्त ठोके किती यासाठीचं २२० वजा वय हे सूत्र फार ढोबळ आहे. एकाच वयाच्या दोघांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्या सूत्रावरून घाबरूही नका आणि चेकाळूही नका.

आणखी एक. घाटात पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं भेटतील. त्यांना पोलीस भरतीचे सोळाशे मीटर मारायचे असतात, अंगावर किलोभरही चरबी नसते आणि वय एकोणीस. ती शेजारून सुसाट जातात, वर "चला काका" असंही म्हणतात. हात दाखवा, हसा आणि आपल्या चालीने चालू द्या. त्यांच्या मागे लागून चाळिशीतल्या कोणाचं आजवर भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

मध्ये चाललं तर चालतं का?

चालतं. लाज वाटायचं कारण नाही. जिथे तुमचं धावणं आणि भरभर चालणं एकाच वेगाला येतं, तिथे चालणं स्वस्त पडतं. फक्त दम गेल्यावर चालायला लागू नका, आधीच ठरवून चाला: चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं. ठरवून चाललेला माणूस वर पोचतो तेव्हा पायात जीव असतो. नाइलाजाने थांबलेल्याला पुन्हा धावायला लागणं जड जातं.

चढताना अंग कसं ठेवायचं?

पावलं आखूड, पण भरभर. नजर पंधरा-वीस पावलं पुढे. मान खाली घालून स्वतःचे बूट बघत गेलात की छाती मिटते आणि श्वास अपुरा पडतो. थोडं पुढे झुका, पण घोट्यातून. कमरेतून वाकू नका. हात कोपरातून मागे ओढा. चढावर हातांचा जोर पायांना खरोखर कळतो. खांदे कानाशी आले असतील तर एकदा हात खाली सोडून झटका.

वळणावर आतल्या बाजूचा चढ जास्त उभा असतो आणि बाहेरचा मोकळा. रस्ता पूर्ण रिकामा दिसत असेल तर बाहेरून जा. अंतर थोडं वाढतं, पाय वाचतात.

वर पोचलो. उतार म्हणजे आराम, बरोबर?

सगळ्यात मोठा गैरसमज. दम चढाला लागतो, पण पाय मोडतात ते उताराला.

उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकसायचा प्रयत्न करतो, म्हणजे ब्रेक लावतो. अशा कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. त्या वेळी दुखत नाही, उलट मजा येते. श्वास शांत, वारा तोंडावर, खाली साताऱ्याची घरं आणि समोर अजिंक्यतारा. माणूस सुसाट सुटतो. बिल दुसऱ्या दिवशी येतं.

उतार धावायचा कसा ते पावलांच्या आवाजावरून ओळखा. बूट डांबरावर थाप-थाप वाजत असतील तर तुम्ही टाच पुढे टाकून स्वतःलाच अडवताय. पाऊल अंगाच्या खाली पडलं, गुडघा किंचित वाकलेला राहिला आणि पावलं आखूड ठेवलीत की आवाज बारीक होतो. मागे रेलू नका. भीतीने अंग मागे जातं आणि सगळा भार टाच आणि गुडघ्यावर येतो. हात थोडे बाजूला पसरले तर पसरू द्या, तोल सांभाळायला तेच उपयोगी पडतात.

पहिल्या तीन-चार खेपांना उतार मुद्दाम हळू घ्या, अगदी चढाइतकाच सांभाळून. घाटात दोन-दोन किलोमीटरवर एखादं मिनिट चाला. माझं ठाम मत आहे की यवतेश्वरचा खरा सराव उतरण्याचा आहे. चढायचा दम सपाटीवर लांब धावूनही कमावता येतो, उताराचे पाय मात्र उतारावरच तयार होतात.

दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. काही बिघडलं का?

बहुतेक वेळा नाही. हे दुखणं चोवीस तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि चार-पाच दिवसांत जातं. दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील, दाबल्यावर दुखत असेल आणि जरा हिंडल्यावर बरं वाटत असेल, तर तो उताराचा प्रसाद. हलकं चाला, झोप काढा, नेहमीचं जेवण जेवा. वेदनाशामक गोळी खाऊन लगेच पुन्हा धावायला जाऊ नका.

गंमत अशी की स्नायू हा मार लक्षात ठेवतात. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा त्याच उतारावर गेलात तर निम्मंही दुखत नाही. म्हणून पहिल्या खेपेनंतर "पुन्हा नको रे बाबा" म्हणून दोन महिने गायब होणं हा सगळ्यात तोट्याचा सौदा.

दुखणं एकाच पायात, एकाच बिंदूत, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला किंवा नडगीच्या हाडावर असेल आणि धावताना वाढत जात असेल, तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा विश्रांती घ्या आणि फिजिओथेरपिस्टकडे जा. लघवी चहासारखी गडद झाली तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घाटात धावून गुडघे झिजतात म्हणे?

हे सांगणारे काका बहुधा स्वतः धावत नसतात. हौशी प्रमाणात, हळूहळू वाढवत धावणाऱ्याचे निरोगी गुडघे धावण्याने खराब होतात असं संशोधनातून दिसलेलं नाही. गुडघ्याची जुनी इजा, शस्त्रक्रिया किंवा बरंच जास्त वजन असेल तर मात्र उतार चालतच उतरा.

बूट वेगळे लागतात का?

नाही. रस्ता डांबरी आहे, ट्रेलचे, म्हणजे डोंगरवाटांसाठीचे, खाचांचे बूट उलट जड पडतील. नेहमीचेच घाला, फक्त दोन गोष्टी बघा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नख पुढे आपटून काळं पडतं. आणि तळ गुळगुळीत झाला असेल तर पावसात तो बूट घरीच ठेवा. घोट्याजवळचं शेवटचं छिद्र रिकामं ठेवायची आपल्याला सवय असते. त्यातून नाडी ओवून टाच घट्ट बांधा, पाऊल पुढे घसरायचं थांबतं. आणि घाटाच्या पहिल्याच दिवशी नवे कोरे बूट नकोत.

वर्षातले कुठले महिने चांगले?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी निर्विवाद. हवा कोरडी, गार, रस्ता स्वच्छ. खाली पोवई नाक्यावर लागत नाही इतका वारा वर लागतो, त्यामुळे घामेजलेल्या अंगाने वर फोटो काढत उभे राहू नका. मार्च ते मे सूर्य वर यायच्या आत खाली आलं पाहिजे.

पावसाळा हा वेगळाच मामला. जूनअखेरपासून घाट हिरवागार होतो, झरे रस्त्यावर येतात आणि वर धुकं इतकं दाटतं की पुढचा कठडा दिसत नाही. सुंदर असतं, नाकारत नाही. पण कडेला शेवाळ धरतं, रस्त्यावरचा पांढरा पट्टा साबणासारखा होतो आणि मुसळधार पावसात दरडी येतात. रात्रभर कोसळला असेल तर सकाळी घाटात जाऊ नका, अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर किंवा सरळ गावात धावा. रस्त्यावर ताजे दगड आणि लाल माती दिसली की तिथे सेल्फी काढत थांबू नका, तिथून मागे फिरा.

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा कासच्या फुलांचा हंगाम. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कास आहे. तेव्हापासून शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. त्या दिवसांत मधल्या वारी जा, नाहीतर गाड्या वर चढायच्या आत खाली या.

रस्त्याच्या कुठल्या बाजूने धावायचं?

उजव्या, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. अपवाद आंधळ्या वळणांचा: तुम्ही आतल्या बाजूला असाल आणि पुढचं काही दिसत नसेल, तर वळणाच्या आधीच दोन्हीकडे बघून बाहेरच्या बाजूला या आणि वळण संपलं की परत जा. दोन्ही कानांत इअरफोन अजिबात नको. घाटात गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. चमकणारं जॅकेट आणि पहाटे डोक्याला बॅटरी, यावर तडजोड नाही. गटात असाल तर एका ओळीत. गप्पा वर पोचल्यावर.

कुत्री, वानरं?

कुत्रं अंगावर आलं तर धावणं थांबवा, चाला, पाठ दाखवू नका. बहुतेकांना पळणारी वस्तूच आवडते. वानरांसमोर केळं सोलू नका. अंधारात यवतेश्वरच्या पुढे एकट्याने जायची गरज नाही, तो जंगलाचा मुलूख आहे आणि तिथे आपण पाहुणे.

पाणी आणि खाणं?

दीड तासाच्या आत परत येणार असाल तर हिवाळ्यात अर्धा लिटरची बाटली खूप झाली. त्याहून जास्त वेळ किंवा उकाडा असेल तर पाण्यात मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस. तहानेप्रमाणे प्या. भीतीपोटी लिटरच्या लिटर नुसतं पाणी ढोसणंही घातक असतं, रक्तातलं सोडियम उतरतं. निघण्याआधी अर्धा-पाऊण तास एक केळं, दोन-तीन खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू. चहा पिणाऱ्यांनी चहा प्यावा, पोट साफ व्हायला तोच कामाला येतो आणि घाटात त्याची सोय नाही.

परत आल्यावर खाणं लांबवू नका. पोहे, उसळ, अंडी, दूध, घरात असेल ते. कंदी पेढा एक खा. चौथ्या पेढ्याला "रिकव्हरी" म्हणू नये.

बायकांनी एकटीने पहाटे जावं का?

मी बाई नाही, म्हणून गटातल्या मैत्रिणी काय करतात ते सांगतो. त्या अंधारात एकट्या घाटात जात नाहीत. उजाडल्यावर किंवा दोघी-तिघी मिळून जातात. फोनवरून लाइव्ह लोकेशन घरी पाठवलेलं असतं. त्यांचं एक म्हणणं मला पटतं: पुरुष धावपटूंनी मागून येताना दहा-पंधरा पावलांवरूनच आवाज द्यावा आणि मोकळी जागा सोडून पुढे जावं. एवढं केलं तरी खूप फरक पडतो. बाकी हा जिल्हा ललिता बाबरचा. माण तालुक्यातल्या मोहीची ही मुलगी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. इथे मुलगी धावताना दिसली तर कोणी तोंडात बोट घालू नये.

चाळिशी उलटली आहे, बीपीची गोळी चालू आहे.

आधी डॉक्टर, मग घाट. काही गोळ्यांनी ठोके मुळातच कमी राहतात, त्यामुळे घड्याळावरून अंदाज चुकतो. हे डॉक्टरांना विचारूनच घ्या. मधुमेह असेल तर खिशात साखर किंवा गोळ्या-चॉकलेट असू द्या. आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, एकाएकी गार घाम यांतलं काहीही झालं तर "वळणापर्यंत जाऊ" हा विचार नको. तिथेच बसा, येणारी गाडी थांबवा. खाली शहर जवळ आहे.

आठवड्यातून किती वेळा घाट?

एकदा. फार तर दहा दिवसांतून दोनदा. पहिल्या खेपेला निम्मा घाट चढून परत या. दुसऱ्या आठवड्यात यवतेश्वर. तिसऱ्याला पुन्हा यवतेश्वर, पण मध्ये चालणं कमी. चौथा आठवडा सपाटीवर हलका. त्यानंतर अंतर वाढवा. घाटाच्या दुसऱ्या दिवशी वेगाचा सराव नको. पोहा, सायकल चालवा किंवा काहीच करू नका.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी किती महिने आधी लागायचं?

ही स्पर्धा २०१२ पासून होते, साधारण पावसाळ्याच्या शेवटाला, याच घाटात. निम्मं अंतर बहुतेक चढ आणि मग वळून तोच रस्ता खाली. सपाटीवर एकवीस किलोमीटर धावून झालं असेल तर तीन महिने, नसेल तर पाच-सहा. सपाटीवरची तुमची वेळ इथे येणार नाही. दहा-पंधरा मिनिटं जास्त धरून चला, पहिल्यांदा असाल तर वीस. नोंदणी फार लवकर भरते, तेव्हा आधी नाव घाला आणि मग तयारी.

इथले काहीजण याच घाटात दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या शर्यतीची तयारी करतात. डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांमधलं सुमारे नव्वद किलोमीटरचं अंतर बारा तासांत. कधी चढाच्या दिशेने, कधी उताराच्या. दोन्ही धावलेले लोक सांगतात की पाय ज्याने फोडले तो उतार. वर लिहिलंय ते उगाच नव्हे.

माझ्या घड्याळात चढ ३५०, मित्राच्या घड्याळात ४३०. खरा कुणाचा?

कदाचित दोघांचाही नाही. काही घड्याळं हवेचा दाब मोजून उंची काढतात, काही उपग्रहावरून आणि नकाशावरून. घाटात वळणं जवळजवळ, एका बाजूला कडा. उपग्रहाचा माग डोंगरात शिरतो आणि आकडा फुगतो किंवा आटतो. पाऊस-वारा बदलला की दाबाचं घड्याळही भरकटतं. स्वतःची तुलना स्वतःच्याच घड्याळाशी करा, आणि तीही कुठल्या दगडापासून कुठल्या दगडापर्यंत किती मिनिटं लागली यावरून. यवतेश्वरच्या देवळाची पायरी त्यासाठी सोयीची आहे, ती जागेवरून हलत नाही.